पाचशे फेऱ्या

माझ्या दुकानात पूर्वी एक कागद मिळायचा. पोस्टकार्डाएवढा, लॅमिनेट केलेला. वर ठळक अक्षरांत 'बॅटरीची काळजी' आणि खाली सहा नियम. लॅपटॉप दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात मी तो कोंबायचो. आता देत नाही. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, "चंद्रहासभाऊ, तो कागद?" मी म्हणतो, संपले. खरं तर सत्तर-ऐंशी कागद अजून खणात पडून आहेत.

दुकान नालासोपारा पश्चिमेला, गासच्या रस्त्यावर. बावीस वर्षं हेच करतोय, आणि स्वभावाने मी तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. यंत्र बिघडलं की मला यंत्राचा राग येत नाही, माणसाचा येतो. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. त्यामुळे घरात जे भांडं दिसेल ते काठोकाठ भरून ठेवायची सवय लागलेली. पिंप, कळशी, बादल्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा. लोक बॅटरीलाही तोच न्याय लावतात. लाइट जाईल म्हणून चोवीस तास चार्जरला. वर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं झाकण. ती बिचारी आतल्या आत तापते, फुगते, आणि कीबोर्ड वर आला की हे माझ्या दारात उभे. "काहीच केलं नाही हो, नुसती जपून ठेवली होती."

प्रल्हादकाका आणि वसुंधराकाकी गिरीजहून रिक्षाने आले ते असंच फुगलेलं यंत्र घेऊन. गेल्या वर्षीचा जुलै होता. काका साठी उलटलेले, उंच, हाताला मातीकामाचे घट्टे. वाडीत केळी, नारळ, थोडी भाजी. काकी त्यांच्या निम्म्या उंचीची, पण दंडाला धरून तीच त्यांना चालवत होती. लॅपटॉप तिने पिशवीतून काढला तेव्हा वर खरंच क्रोशाचं झाकण होतं. पांढरं, कडेने मोरपंखी दोऱ्याची नक्षी.

"कोणी सांगितलं होतं हे पांघरूण घालायला?" मी सुरू झालो. "ह्याला काय थंडी वाजते?"

काकी ओशाळली. काका मात्र हसले. तोंडातून आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि चालू करण्याची खूण केली.

फुगलेली बॅटरी मी काढून वाळूच्या डब्यात टाकली आणि नुसत्या चार्जरवर यंत्र चालू केलं. काका स्टुलावर बसले. उजव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी ओळ टाइप केली आणि शेवटचं बटण दाबलं. यंत्रातून बातम्या सांगणाऱ्यासारखा एका पट्टीतला पुरुषी आवाज आला, "नमस्कार. मी प्रल्हाद. बायकोला ओरडू नका. ते काम माझं आहे, सध्या बंद आहे."

मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली.

काकीने मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काकांची जीभ जड झाली. आधी सगळ्यांना वाटलं दात दुखत असेल. मुंबईच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं ते काकीला नीट उच्चारता येत नव्हतं. स्नायू एकेक करून सोडून जातात असा आजार. पहिलं बोलणं गेलं. आणि काका म्हणजे गावात प्रसिद्ध बोलणारे. विहिरीवर मोटर लावायला गेले की तासभर परत नाहीत, वाटेत भेटेल त्याला थांबवून गप्पा. लोक म्हणायचे, प्रल्हाद दिसला तर दुसऱ्या वाटेने जा, नाहीतर दुपारचं जेवण चुकेल. आयर्लंडला असलेल्या मुलीने, अश्लेषाने, हे बोलणारं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. टाइप केलेलं वाक्य यंत्र बोलतं, आणि बोललेलं सगळं खाली यादीत राहतं. त्यांची घरची बोली यंत्राला जमायची नाही. त्यांनी मुद्दाम एक शब्द टाइप करून दाखवला, यंत्राने तो पार मोडून टाकला, आणि दोघं नवराबायको लहान मुलांसारखी हसली.

काका यंत्राशी खेळत बसले तेव्हा काकी दाराशी येऊन हळूच म्हणाली, "हातही जाणार म्हणतात. वर्ष, फार तर दीड."

"मग नवीन लॅपटॉपच घ्या ना."

"मुलगी तेच म्हणते. हे ऐकत नाहीत. दुसऱ्या यंत्रात हा आवाज येत नाही, बाईचा येतो. म्हणतात, आता हाच माझा आवाज. एकदा बदलला, परत नाही बदलणार."

मॉडेल जुनं होतं. कंपनीने बॅटरी बनवणं बंद केलेलं. मी आठ दिवस फोन फिरवले आणि शेवटी एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात एक सापडली, सीलबंद, चांगल्या अवस्थेतली. ती बसवली त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, आणि कौतुक वाटलं की माझी जीभ सुटते.

"काकी, ही शेवटची," मी म्हणालो. "अशी दुसरी मिळणार नाही. हिच्या पाचशे फेऱ्या असतात. शंभर टक्के वापरली की एक फेरी. दोनदा अर्धी वापरली तरी एकच. पाचशे झाल्या की उतरण लागली. नुसत्या चार्जरवर चालवाल तर आपल्याकडच्या लाइटच्या झटक्याने आतलं सगळं जळेल, तेव्हा बॅटरी हवीच. सतत चार्जरला लावून ठेवायची नाही. चाळीसच्या खाली न्यायची नाही, ऐंशीच्या वर चढवायची नाही. वापर नसेल तेव्हा अर्धी भरून, बंद करून, थंड कोरड्या जागी. पहिली तुम्ही मायेने मारलीत. ही मेली तर काकांचा आवाज गेला समजा."

शेवटचं वाक्य मी उगाच बोललो. बोलण्याच्या भरात. काकीने कागद दोन्ही हातांनी घेतला, देवळातून अंगारा घेतात तसा, आणि पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवला.

जानेवारीत मी एकदा गिरीजला गेलो होतो. तिथल्या एका शाळेचं काम होतं, म्हटलं काकांना भेटून यावं. दुपारचे अडीच-तीन. काका वाडीत विहिरीजवळ खुर्चीवर बसले होते. समोर केळी, एकेका लोंगराला बांबूचा टेकू. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी दोन्ही तळहात जोडले आणि पुस्तक उघडावं तसे उघडले, काकीकडे बघून.

"नाही हो आता," काकी म्हणाली. "चंद्रहासभाऊंना काय, ते बसलेत ना जवळ. चहा घ्या."

मग मला आत नेऊन तिने कपाट उघडलं. वरच्या खणात लग्नातला काचेचा सेट, न वापरलेला. बाजूला दोन भारी साड्या मलमलच्या कापडात. आणि त्यांच्या शेजारी, तशाच मलमलीत गुंडाळलेला लॅपटॉप. कपाटाच्या दाराला आतून माझा कागद चिकटवलेला.

"चाळीसच्या खाली एकदाही नाही नेला," ती म्हणाली. "रविवारी अश्लेषाचा फोन येतो तेव्हा अर्धा तास काढते. बाकी जपून ठेवलाय. डिसेंबरात येणार होती, रजा नाही मिळाली. आता मे महिन्यात येईल. तेव्हा बापलेकीला बोलू दे पोटभर."

"आणि एरवी?"

"एरवी मी आहे की. मला त्यांचं सगळं कळतं. छत्तीस वर्षं झाली. नुसतं बघितलं तरी कळतं चहा हवाय की पाठ दुखतेय."

मी काय करायला हवं होतं? आता कळतं. पण त्या क्षणी मला, खरं सांगतो, अभिमान वाटला. बावीस वर्षांत माझा कागद कोणी इतका मनावर घेतला नव्हता. मी बाहेर येऊन काकांना म्हणालो, "काका, काकीसारखं गिऱ्हाईक नाही मिळायचं. बॅटरी तुमच्या नातवापर्यंत पुरेल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा तळहात उघडले, माझ्यासाठी, हळू. बोटं तेव्हा थोडी वाकायला लागली होती. मला खूण कळली होती. नियम म्हणजे नियम, असं मनात म्हणून मी चहाचा कप उचलला. निघताना काकीने पिशवीभर वेलची केळी दिली.

त्यानंतर थेट या सप्टेंबरात, गणपती होऊन पंधरा-वीस दिवस झाल्यावर, काकी एकटी आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तिने मलमल सोडून लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"बघा जरा बॅटरी कशी आहे ती. नीट सांभाळली ना मी?"

चालू केला. एकोणसाठ टक्के. बॅटरीचा अहवाल काढला आणि मी मोठ्याने म्हणालो, मुद्दाम त्या दोघांना ऐकू जाईल असं, "वा, काकी! चौदा महिने आणि फक्त एकतीस फेऱ्या! बघा रे, ह्याला म्हणतात वापर. तब्येत सत्त्याण्णव टक्के. नवी कोरी आहे अजून!"

काकीच्या चेहऱ्यावर समाधान आलं. अगदी खरं समाधान.

"बरं झालं. मग हा कोणाला तरी द्या. असाच कोणी असेल, बोलता न येणारा. ह्यांना आता नको."

"का? काका कसे आहेत?"

"गेले," ती म्हणाली. "ऋषिपंचमीला."

गिऱ्हाइकं आपोआप बाहेर गेली. मी काउंटरच्या आतून स्टूल काढून तिला बसवलं. ती सांगत राहिली, आवाज न चढवता. अश्लेषा मे महिन्यातही आली नव्हती, पण गणपतीचं तिकीट काढलं होतं. काकी दिवस मोजत होती, आणि बॅटरी ऑगस्टपासून तिने आणखी जपली होती. अश्लेषा यायच्या दहा दिवस आधी काकांना ताप भरला. तीन दिवसांत उतरला, पण जाताना हाताची बोटं घेऊन गेला. मुलगी आली, तिने लॅपटॉप मांडीवर ठेवला, बाबांचं बोट बटणावर ठेवलं. बोट दाबलं गेलं ते उचलताच येईना. एकच अक्षर ओळभर उमटलं. तिने शेवटचं बटण दाबलं, तर यंत्र तेच म्हणत राहिलं.

"दहा दिवसांचा उशीर झाला," काकी म्हणाली. "दहाच दिवसांचा."

समोर अहवाल तसाच उघडा होता. काकीने चष्मा नीट केला आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

"हे एकतीस म्हणजे, पाचशेतले एकतीस?"

खोटं बोलायला माझ्याकडे वेळ होता. म्हणता आलं असतं, काकी, बॅटरी मुळातच कमजोर होती, तुम्ही जपली म्हणून एवढी चालली. पण थोड्या वेळापूर्वी मीच ओरडून नवी कोरी म्हणालो होतो.

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे चारशे एकोणसत्तर उरल्या."

"हो."

"रोज दिला असता तरी उरल्या असत्या?"

मला उत्तर माहीत होतं. रोज अर्धा तास दिला असता तरीही अडीचशेहून जास्त उरल्या असत्या. एवढंच नाही. बॅटरी आत ठेवून, चार्जर लावून काका दिवसाला चार-चार तास बोलले असते तरी तिला काही झालं नसतं. चार्जर लावून बोलताना फेरी मोजलीच जात नाही. 'सतत लावून ठेवू नका' म्हणजे 'लावून वापरू नका' असं नाही. पण हे मी कधी सांगितलं नव्हतं. कागदावर तेवढी जागा नव्हती, आणि मला समजावण्यापेक्षा दटावणं सोपं जातं.

"काकी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "नियम मी अर्धवट सांगितला."

ती दोष माझ्याकडे सरकवायलाही तयार नव्हती. पडद्याकडे बघत म्हणाली, "त्यांनी बोललेलं सगळं यात राहतं ना? ऐकवा."

"सगळं?"

"पहिल्यापासून."

मी यादी उघडली. चार्जरकडे हात नेला तर ती म्हणाली, "तो नको." मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बटण दाबलं.

त्या सपाट आवाजात काका बोलू लागले. सुरुवातीला, क्रोशाच्या झाकणाच्या दिवसांतलं, भरभरून. शेजाऱ्याच्या बांधाचं भांडण. आमटीत मीठ कमी. मोटर बंद कर, विहीर आटेल. चवथ्या लोंगराला टेकू दे, वाकलाय. अश्लेषा लहान असताना नारळाच्या झावळीवर बसून घसरली तो किस्सा, तीन वेळा, दर वेळी थोडा वाढवून. माझ्याबद्दलही होतं. "बॅटरीवाला माणूस चांगला आहे. पण फार बोलतो. त्याचं काय, त्याला येतं." काकी त्या वाक्याला हसली. मला हसता आलं नाही.

मग नवी बॅटरी आली, आणि यादीची जातच बदलली. आठवड्याला एक तुकडा. अश्लेषा, मी बरा आहे. जेवलो. पाऊस चांगला. तू रजा घे. काळजी करू नकोस. आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी, फोन बंद झाल्यानंतर, एक वेगळी ओळ.

"वसू, थांब."

"वसू, दोन मिनिटं."

"वसू, झाकू नकोस."

काकी पदर तोंडावर दाबून ऐकत होती. "मी तेव्हा ऐकत होते हे सगळं," ती म्हणाली. "मी म्हणायची, कळतं हो मला तुमचं. माझ्याशी बोलायला बॅटरी कशाला घालवायची? आणि झाकण लावायची. एकेचाळीस झालेले असायचे."

डिसेंबर, जानेवारी, होळी. ओळी छोट्या होत गेल्या. बोटं जड झाली होती ते वाक्यांवरून कळत होतं.

"वसू, आज तुझ्याशी बोलू."

"वसू तुला सांगायचं."

"वसू तुझ्याशी"

एवढंच. त्यापुढे यंत्र थांबायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा, अश्लेषा, मी बरा आहे.

काय सांगायचं होतं? कोण जाणे. कदाचित मोठं काहीच नसेल. बांधाचं भांडण असेल, मिठाचं असेल. छत्तीस वर्षं जो माणूस बायकोशी आणि वाटेतल्या प्रत्येकाशी बोलत आला, त्याला फक्त बोलायचं असेल. काकीही तेच म्हणाली. "मला वाटलं ते काही हवं असलं तरच बोलतात. हवं-नको मला कळायचं. नुसतं बोलायचं असेल, हे नाही कळलं."

यादीच्या शेवटी ते ओळभर एक अक्षर आलं. यंत्र ते म्हणत राहिलं तेवढा वेळ काकीने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "परत पहिल्यापासून."

चाळीस टक्के झाले, मी बघितलं. वीस झाले, पडद्यावर सूचना आली. माझा हात सवयीने चार्जरच्या वायरकडे गेला. काकीने नुसती मान हलवली. बावीस वर्षांत मी कोणाची बॅटरी डोळ्यांदेखत शून्यावर जाऊ दिली नाही. त्या दुपारी जाऊ दिली. दहा. सहा. काका झावळीचा किस्सा सांगत होते, दुसऱ्यांदा, घसरून पडल्यावर अश्लेषा रडायच्या ऐवजी म्हणाली, बाबा, परत. तिथे पडदा काळा झाला.

बाहेर कोणीतरी दार वाजवून निघून गेलं. काही तरी करायचं म्हणून मी लॅपटॉपच्या झाकणाला हात लावला.

"झाकू नका," काकी म्हणाली.

मी हात काढून घेतला. तिने पदराने चेहरा पुसला, पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून माझा कागद काढला. कपाटाच्या दारावरून सोडवून आणला होता. तो तिने काउंटरवर, काळ्या पडद्यासमोर ठेवला.

"लॅपटॉप ज्याला द्याल त्याला द्या," ती म्हणाली. "हा देऊ नका."

ती गेल्यावर मी कागद उचलला. मागे चिकटपट्टीचाही डाग नव्हता. तोही तिने पुसून घेतला होता.